उपळ आटली तो श्रावण

तवा घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते. माजी सासू भागूबाई. तिला आमी आत्याबाई म्हणायचो. तिचे पाय गेले व्हते, बसल्या जागेवरून तिला हालता येत नव्हतं. आमचे मालक. त्यांचं नाव मी आजून घेत न्हाई, आता ते न्हाईत, मागं दुखण्यानं गेले, तरी न्हाई. त्यांचा धाकटा भाऊ शिवराम, माजा दीर, त्याला मी भावजी म्हणायची. त्याची बायको कमळ, माजी जाऊ. आणि मी, पारू. माजा पोरगा दत्तू तवा पेठला हायवेच्या हाटेलात कामाला व्हता, म्हणून तो त्या दिवसात घरी नव्हता. गोठ्यात दोन बैल आन् एक म्हैस. जनावरं बी सांगते, कारण तीबी आमच्या मोजणीत व्हती.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमची दोन घरं एकाच आढ्याखाली, मधी मातीची भिंत. उगवतीकडं आमचं, मावळतीकडं भावजीचं, त्याच्या पलीकडं गोठा. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, भावजी तिकडं शिंकला तर आत्याबाई हिकडनं "जी रं माज्या लेका" म्हणायची. आन् पाठीमागं डोंगर. एवढा जवळ, की मागच्या दारात उभं ऱ्हाऊन करवंदं तोडायची.

ह्या साली परत तशीच झड लागली हाय. सूर्य म्हणून दिसंना. कापडं वाळंनात, मीठ पाझराया लागलं, काडेपेटी पेटंना. मी आता खाली सडकेच्या कडंला, पत्र्याच्या घरात असते. बसल्या बसल्या डोंगराकडं बघते, तर डोंगर दिसत न्हाई, नुसतं पांढरं धुकं. दिसत असतो तवा मला एवढं काय वाटत न्हाई. दिसंनासा झाला की मन लागत न्हाई.

काल दत्तूचा फोन आला. म्हणला, "आई, आज पावणं येणार हायेत मुक्कामाला. वरच्या दोन्ही खोल्या भरल्या." मी म्हणलं, "बरं." दुसरं काय म्हणणार. फोन ठेवला आन् मला तो श्रावण आठवला. म्हणून हे सगळं.

आमच्या तितं जमिनीतून पाणी वर येतं, त्याला आमी उपळ म्हणतो. पाऊस लई झाला की डोंगर पाणी पितो, पिऊन पिऊन त्याचं पोट भरतं, मग ते पाणी खालनं कुठनं तरी वर येतं. वावरात येतं, वाटंवर येतं, घरात बी येतं. आमच्या घरात चुलीच्या मागल्या कोपऱ्यात यायची. आधी जमीन गार लागायची, मग तितली माती काळी पडायची, मग बारीक बुडबुडा. आन् मग स्वच्छ पाणी, काचेवाणी. बोटाएवढी धार चुलीमागनं निघायची आन् उंबऱ्याच्या बाजूच्या मोरीतनं भाईर जायची. सारवलेली जमीन तिच्या दोन्ही बाजूनं वली ऱ्हायची. आमी त्याच्यावं फळ्या टाकून हिंडायचो.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, घरात पाणी आलं, चर खांदा, भाईर काढा. आमच्यात तसं नव्हतं. उपळ फुटली की आत्याबाई म्हणायची, "गंगा आली." मग तिला हळदीकुंकू व्हायचं. ववाळायचं. खण-नारळानं वटी भरायची. लेक म्हायेराला आली की जसं करतो तसं. श्रावण-भादव्यात ती ऱ्हायची आन् पाऊस वसरला की हळूहळू निघून जायची. जायच्या टायमाला परत वटी. मी नवी नवरी व्हते तवा एकदा चुलीपुढला चिखल बघून खराटा घेतला, तर आत्याबाई म्हणली, "तुज्या म्हायेराला पावण्याला खराट्यानं हाकलत्यात व्हय?" तवापासनं मी बी हळदीकुंकूच वाहत आले.

त्या साली आषाढ सरता सरता भावजी गवताला वर गेला व्हता. आला तो गपगप. तो गप बसला की आमाला कळायचं, काय तरी झालं. जेवताना म्हणला, "वर कातळाच्या खाली भेग पडली. काठी घातली आत. बूड लागंना."

मालक म्हणले, "उन्हाळ्यात जमीन फाटतीच."

"उन्हाळ्यात फाटती दादा. पावसात मिटायला पायजे का नको? ही रुंद व्हाया लागली."

मग तालुक्याच्या हापिसातली माणसं आली, त्यांनी बघितली, दाराला कागद चिकटवून गेली. शाळेत या म्हणले, खाली, धोका हाय. चांगली व्हती ती माणसं, चिखलात पडत-धडपडत वरपातूर गेली व्हती. वाडीतली काय लोकं गेली बी. आमचं अडलं ते आत्याबाईवर. ती म्हणली, "मी न्हाई यायची. गंगा घरात हाय. लेक म्हायेराला आलीय आन् तिला एकटी टाकून आपण शाळंत जाऊन निजायचं?"

मालकांनी समजावलं. भावजीनं समजावलं. कमळीनं तिच्या पायाला तेल लावता लावता समजावलं. ती नुसती मुंडी हालवायची. आन् तिला टाकून कोण जाणार? ती हालत न्हाई म्हणून मालक हालंनात, मालक हालत न्हाईत म्हणून मी, दादा न्हाई म्हणून भावजी, भावजी न्हाई म्हणून कमळ. सगळ्यांचे जीव त्या म्हातारीच्या एका हो वर टांगलेले.

मग मी ठरवलं, ती कवा हो म्हणंल ते देवाला म्हाईत, पण म्हणंल तवा आपण उभ्या उभ्या निघालो पायजे. कुणी शिकवलं न्हाई. बाळंतपणाची तयारी बाई करती का न्हाई, दिवस म्हाईत नसतो पण गोदडी धुऊन ठेवती. तसंच.

गाठोडं बांधलं. रेशनकार्ड, आधारकार्ड, आत्याबाईचं दवाखान्याचं कार्ड, सगळं दुधाच्या पिशव्यात घालून तोंडं मेणबत्तीवर चिकटवून टाकली. काडेपेटी स्टीलच्या डबीत. बॅटरी, तिचे शेल वेगळे काढून, कारण दमट हवेत आत ठेवले की गळत्यात. आत्याबाईच्या गोळ्या. सुईदोरा. एक पातेलं, मूठ मूठ तांदूळ-डाळ. रोज संध्याकाळी भाकरी थापताना दोन जादा थापायच्या, फडक्यात बांधून गाठोड्यावं ठेवायच्या, आन् सकाळी त्या शिळ्या खायच्या. तो आख्खा श्रावण मी ताजी भाकर म्हणून खाल्ली न्हाई. चपला दारात ठेवायच्या न्हाईत, उशाला. दाराला कडी न्हाई घालायची, नुसता दगड लावायचा. मोबाईल एक व्हता, तो लाईट आली की सगळ्यात आधी लावायचा. लाईट यायची ती पावण्यावाणी, चहा पिऊन जावं तशी जायची.

आन् जनावरांची गाठ बदलली. दावं आमी निरगाठीनं बांधायचो, ती बसली की बसली, वली झाली की दातानं बी सुटत न्हाई. मी म्हणलं, सगळ्यांना सुरगाठ मारा. एक टोक वढलं की मोकळं.

भावजी हसला. "वहिनी, सुरगाठ मारली तर म्हैस आपली आपण सोडून घोडेगावच्या बाजाराला जाईल."

"जाऊ द्या. जित्ती तर जाईल."

"गाठोडं बांधलं, चपला उशाला. मला तर वाटतं तुमी दादाला सोडून म्हायेरालाच चालल्या."

"चालले असते तर कधीच गेले असते, भावजी. तुमच्या दादाचं घोरणं ऐकत इतकी वर्सं ऱ्हायले नसते."

मालक विडी वढत बसलेले, त्यांनी मान बी वर केली न्हाई. असं चाललेलं असायचं. वर भेग आन् खाली आमची थट्टा.

आत्याबाईला न्यायचं कसं, हा एक प्रश्न व्हता. दोन बांबू घेतले, त्याला जाड घोंगडी शिवली, झोळी केली. मी म्हणलं, एकदा उचलून बघा, आयत्या टायमाला तोल गेला तर काय करता. पाऊस जरा थांबला व्हता तवा दोघा भावांनी तिला झोळीत घातलं आन् अंगणात एक चक्कर मारली. म्हातारी घोंगडीत बसून आभाळाकडं बघत म्हणली, "चौघं लागत्यात रं. दोघातच भागवता व्हय? आन् मडकं कुठंय?"

भावजी हसून हसून खाली बसला, बांबू सुटला, आत्याबाई चिखलात टेकली. मालक त्याच्यावं खेकसले. आत्याबाई म्हणली, "आसू दे. जिवंतपणी पोरांनी उचललं, आजून काय पायजे. आता आत ठेवा, गंगा एकटी हाय."

कमळ त्या रोजपासनं बांबूचं एक टोक धरायला शिकली. म्हणली, "ह्यांचा भरवसा न्हाई. हे हसतील आन् आत्याबाईला पाडतील." ती अंगानं बारीक, पण खांदा बळकट. उसाच्या मोळ्या उचलून वाढलेली, पारगावच्या अंगाची.

श्रावण मध्यावर आला आन् डोंगर बोलाया लागला असं मी म्हणणार न्हाई, कारण तो काय बोलला न्हाई. घरच बोलत व्हतं. मागचं दार लागंना. वरनं घासायचं, खाली फट ऱ्हायची. मालक म्हणले, लाकूड फुगलं. रंधा आणून त्यांनी दाराची वरची कड तासली. दार लागाया लागलं. दुसऱ्या दिवशी परत घासलं, परत तासलं. चौकटच वाकडी व्हाया लागली व्हती, आन् आमचा माणूस दार तासत व्हता. चुलीच्या मागल्या भिंतीला केसाएवढी चीर पडली. मी शेणमातीनं लिंपली, ती परत तितंच उघडली. आंगणातला जांभळीचा खांब, त्याला दोरी बांधून आमी कापडं टाकायचो, तो जरा खाली झुकलेला दिसायचा. मला वाटायचं माजीच नजर फिरली.

आन् उपळ. ती वर्सानुवर्सं काचेवाणी यायची. त्या साली गढूळ आली. चहाच्या रंगाची, मग तांबडी. मोरीत बारीक रेती साचाया लागली. मी रोज ती वंजळीनं काढून टाकायची. आत्याबाई पाण्याला हात लावून बघायची, आन् कुंकू वाहायची.

मग त्या दिवशी सकाळी उठले, चूल पेटवायला गेले तर फळीवरनं उतरले आन् पाय कोरड्या जमिनीवं पडला. भाईर पाऊस असा, की पागोळ्यांची धार तुटंना. आन् आत कोरडं. कोपऱ्यात बोटाएवढा खड्डा, त्याच्या बुडाशी चिखल, पाण्याचा थेंब न्हाई.

भिंतीपलीकडनं भावजीचा आवाज आला. "वहिनी, तुमची गंगा गेली का? आमची बी गेली. कमळे, फळ्या उचल. आज खाली मांडी घालून जेवणार."

मालक बी खुशीत. कितीतरी दिसांनी जमीन कोरडी व्हती. म्हणले, "वर पाऊस कमी झाला असंल. उतरला जोर." मला बी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्यानं महिनाभर वल्यात पाय कुजवलेत त्याला कोरड्या जमिनीचं सुख कळतं.

आत्याबाईनं पसरलेला हात जमिनीवं ठेवला. ती जमिनीवरच बसायची, झोपायची, दुसऱ्यांना पायानं कळतं ते सगळं तिला हातानं कळायचं. लई येळ तसाच ठेवला. मग म्हणली, "पारू, गंगा न सांगता गेली."

"आवो, पाऊस कमी झाला वर."

"कान हायेत मला. पाऊस ऐकू येतोय. पाऊस पडत असताना ती कवा गेली न्हाई. वटी न घेता कवा गेली न्हाई. लेक रुसून निघून गेली ह्या घरातनं. ह्या घरात आता आपलं काय न्हाई. उचला मला."

मालक म्हणले, "आये, आत्ता? ह्या पावसात? इतके दिस पाया पडलो तवा न्हाई म्हणलीस."

"तवा ती व्हती."

झालं. तिनं ज्यापायी धरून ठेवलं व्हतं त्याचपायी सोडलं. आता तिला शास्त्र म्हाईत व्हतं का तिची श्रद्धा व्हती, हे मला कुणी इचारलं तर मी सांगू शकत न्हाई. नंतर कुणी शिकलेलं माणूस म्हणलं, पाणी आत तुंबलं म्हणून भाईर यायचं थांबलं. आसंल. आमाला तवा एवढंच कळलं की म्हातारी हो म्हणली. मी गाठोडं उचललं.

भावजी दारात आला. मागं कमळीनं चूल पेटवलेली, खरपूस भाकरीचा वास येत व्हता. म्हणला, "आये, आज गं? आजच तर कुठं कोरडं झालं."

"चल शिवा."

"तुमी व्हा पुढं. एक भाकर खातो मांडी घालून, म्हशीला घेऊन मागनं येतो. तिला ह्या पावसात पळवत न्यायची तर ती आडवीच पडायची."

कमळ म्हणली, "खायचं ते खाली खावा. बांधून घेते."

"बांधलेलीच खातोय महिनाभर. वहिनीनं गाठोड्यातली खायला घातली तेवढी बास. जा, आलोच."

मालक आन् कमळ, दोघांनी बांबू घेतले. मी गाठोडं डोक्यावं आन् बैल पुढं घातले. वळणावर मी मागं बघितलं तर भावजी कोरड्या जमिनीवं मांडी घालून बसला व्हता, दार सताड उघडं, चुलीचा उजेड त्याच्या तोंडावं. त्यानं हात केला.

आमी शाळेच्या अलीकडं पोचलो तवा ते झालं. दिवसाढवळ्या. लई मोठा आवाज झाला म्हणत्यात लोकं, मला तसा आठवत न्हाई. खडीची ट्राली मागनं वतावी, तसा आवाज, पण संपंचना. आन् वास. कच्च्या मुळ्या तोडल्यावं येतो तसला, सगळीकडं. मग डोंगरावरनं येणाऱ्या वढ्याचा आवाज थांबला. तेच मला लई आठवतं. एवढा पाऊस आन् वढा गप.

कमळीनं बांबू खाली ठेवला, हळू, आत्याबाईला धक्का लागू न देता. मग ती पळाली. मालक तिच्या मागं.

भावजीचं घर आन् गोठा, दोन्ही न्हाई. मधली मातीची भिंत उभी, आन् तिच्या उगवतीचं आमचं घर जसंच्या तसं, मोरीपाशी तांब्या ठेवलेला तो बी तसाच. आढं मधी मोडलेलं, भाकरी मोडावी तसं. भावजी नंतर सापडला. त्याच्यावर मी जास्त बोलत न्हाई.

म्हैस मात्र आपल्या पायानं खाली आली, गळ्याला दावं लोंबकळत. कमळ म्हणती, "त्यांनी वढली गाठ. म्हशीला सोडायला उठले असतील." मला म्हाईत हाय, सुरगाठ जनावरानं बिचकून हिसका दिला तरी सुटती. मी ते तिला कवा बोलले न्हाई. ती आता भावाकडं पारगावला असती. सणाला येती. आमी दोघी बसतो, भावजीच्या थट्टा आठवून हसतो, मग ती पदरानं नाक पुसती आन् म्हणती, "चहा टाक."

आत्याबाई पुढं काय दिवस जगली, हितंच, ह्या पत्र्याच्या घरात. हितं खाली शिमीट. ती तळहात शिमिटावं ठेवायची, बघायची, आन् म्हणायची, "हितं काय कळत न्हाई." धाकट्याचं नाव तिनं घेतलं न्हाई. पण जेवताना पहिला घास ताटाच्या भाईर, कोरड्या जाग्यावं ठेवायची. कशाला ते आमी इचारलं न्हाई.

कवा कवा वाटतं, आमची सगळी तयारी पळायची व्हती. पाय, दोर, चपला, भाकरी. कोरडं झालं की माणूस बसणार, ह्याची तयारी कुणीच केली न्हाई. ती करायची कशी ते मला आजून सुचलेलं न्हाई.

आता वर काय हाय ते सांगते. आमचं उरलेलं अर्धं घर दत्तूनं नीट केलं. हाटेलातलं काम सुटलं, वाडीला पावसात पावणं यायला लागलं, धबधबे बघायला, धुकं बघायला. पुण्याची, लांब लांबची. पोरं-पोरी, चांगली माणसं, "आजी, आजी" करत्यात. त्यांना ऱ्हायला दोन खोल्या. रंग दिला. गरम पाण्याची सोय केली. खाली पांढरी फरशी.

मी बघायला गेले व्हते उन्हाळ्यात. चुलीच्या मागला कोपरा शोधला. तितं आता पलंग. मी दत्तूला म्हणलं, "बाबा, उपळ कुठंय?"

"खालनं पाईप टाकलाय आई. पाणी परस्पर मागं जातं. फरशीला थेंब लागत न्हाई."

"मग ती गढूळ झाली तर कळंल कसं? थांबली तर?"

"थांबली तर चांगलंच ना. पाणी नको म्हणून तर पाईप टाकला."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. भावजीचाच चेहरा हाय त्याला, हसला की तर जास्तच. मी म्हणलं, "तुज्या चुलत्यानं बी असंच म्हणलं व्हतं."

 तो म्हणला, "जायचं व्हतं ते गेलं आई. डोंगर मोकळा झाला. आन् आता मोबाईलवर सूचना येती, कुठं किती पाऊस ते."

"पावसात वर रेंज असती का?"

तो पलंगावरची चादर सारखी कराया लागला. पोरगं वाईट न्हाई. शेत दरडीखाली गेलं, पोट हाय, बायको हाय, हात हलवायला पायजेत. मी वर जाऊन कातळ बघून येते म्हणलं, तर माजे गुडघे तितपातूर जात न्हाईत. गवताला जाणाऱ्या बायांना इचारलं. एक म्हणली, "आत्या, आता तितं गवत लई वाढलंय. भेग हाय का न्हाई दिसतच न्हाई."

आज सकाळी मी दत्तूला फोन केला. म्हणलं, "पाईपाचं मागचं तोंड बघून ये. पाणी कसलं येतंय ते सांग." पाऊस भरून व्हता, त्याचा आवाज तुटत व्हता. म्हणला, "बघितलं आई. कायच येत न्हाई. मस्त कोरडं हाय." मी म्हणलं, "पावण्यांना घेऊन खाली ये." पुढं त्याचा आवाज गेला. परत लावला तर लागला न्हाई. शेजारच्या बाईला म्हणलं, कुणाला तरी वर धाडा. तिचा मालक निघालाय, छत्री घेऊन. मी दारात बसून हे सांगतेय, तो वळणाच्या पलीकडं गेला.

जो कोण हे वाचंल त्याला माजं एकच मागणं हाय. पावसात आमच्या बाजूला या, धबधबा बघा, धुकं बघा, पिठलं-भाकर खावा. पण झोपायला खाली सडकेला या. डोंगराच्या पायथ्याच्या खोलीत मुक्काम करू नका, खोली कितीबी चांगली असंना, कोरडी असंना. माज्या पोराची असली तरी.